प्रबंधाची प्रकरणं कशी पाडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीतून पीएचडी करणारे, त्यातही इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि मराठी साहित्याचे विद्यार्थी जे प्रश्न मेलवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच विषय धरला आहे : रोजगार हमी योजनेवर (रोहयो) काम केलेल्या बायका. जिथे यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे तिथे तसं लिहिलंय. बाकीचा सल्ला माझा आहे. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं सांगत असेल तर परिपत्रकाचं ऐका.

१. प्रकरणांचा आराखडा म्हणजे अनुक्रमणिकाच ना?

अनुक्रमणिका शेवटी होते आणि ती वाचकासाठी असते. आराखडा आधी होतो, तो तुमच्यासाठी आणि तुमच्या गाइडसाठी. अनुक्रमणिकेत प्रकरणाचं नाव आणि पान क्रमांक एवढंच असतं. आराखड्यात प्रत्येक नावाखाली निदान चार गोष्टी हव्यात : हे प्रकरण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, आज तुम्हाला काय उत्तर वाटतं, त्याला पुरावा कोणता आणि तो कुठे आहे, आणि आधीच्या प्रकरणातलं काय हाताशी असल्याशिवाय हे प्रकरण उभं राहत नाही. प्रकरणामागे आठ-दहा ओळी, सगळा मिळून तीन-चार पानांचा कागद. त्याहून मोठा झाला तर तुम्ही आराखडा सोडून प्रबंधच लिहायला बसला आहात.

२. सिनॉप्सिसमध्ये (विषय मंजुरीसाठी दिलेल्या प्रस्तावात) प्रकरणांची यादी दिलीच होती. परत कशाला करायचा?

कारण ती यादी समितीसाठी केली होती, आणि तेव्हा तुमच्या हातात साधनं नव्हती. विषय मंजूर व्हावा म्हणून केलेल्या यादीत कुणालाच आक्षेप घेता येणार नाही अशी गुळमुळीत नावं असतात. ती तशीच ठेवून तीन वर्षांनी लिहायला बसलं की पंचाईत होते.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी प्रगती मांडावी लागते. तिथे दर वेळी सुधारलेला आराखडा घेऊन जा, आणि आधीच्या प्रतीवर तारीख टाकून ती जपून ठेवा. सारथी, बार्टी किंवा महाज्योती या शासकीय संस्थांची अधिछात्रवृत्ती असेल तर प्रगती अहवाल असाही द्यावाच लागतो. ‘प्रकरण दोनचे काम प्रगतीपथावर’ या वाक्यापेक्षा बदललेला आराखडा खूप जास्त सांगतो.

३. प्रकरणं किती असावीत? आमच्याकडे पाचच चालतात म्हणतात.

पाचाचा साचा मुख्यतः शिक्षणशास्त्रातला : प्रस्तावना, संबंधित साहित्य व संशोधनाचा आढावा, संशोधनाची कार्यपद्धती, माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन, आणि सारांश, निष्कर्ष व शिफारशी. प्रश्नावली, नमुना, सांख्यिकी अशा कामाला तो छान बसतो आणि परीक्षकालाही सवयीचा असतो. तुमचं काम तसंच असेल तर उगाच मोडू नका.

इतिहास, साहित्य, समाजशास्त्रात सहा-सात प्रकरणं सर्रास दिसतात. आकडा आधी ठरवू नका. प्रश्न मोजा, प्रकरणांचा आकडा आपोआप निघतो. दहाच्या वर गेलात तर दोन प्रकरणं एकच गोष्ट सांगतायत का ते तपासा (प्रश्न ९ पाहा).

४. नेमकी सुरुवात कुठून करू? कागद समोर ठेवला की ‘प्रस्तावना’ लिहून थांबते.

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

समजा विषय आहे ‘रोजगार हमी योजना आणि ग्रामीण स्त्री मजूर : एका दुष्काळी तालुक्याचा अभ्यास (१९७२ ते २००५)’. पहिल्या बैठकीत बहुतेक जण हे लिहितात :

१. प्रस्तावना
२. रोजगार हमी योजना : स्वरूप व संकल्पना
३. महाराष्ट्रातील दुष्काळाचा इतिहास
४. अभ्यासक्षेत्राची भौगोलिक, सामाजिक व आर्थिक पार्श्वभूमी
५. माहितीचे विश्लेषण
६. निष्कर्ष व शिफारशी

आता या यादीत स्त्री मजूर शोधा. पहिली बाई भेटते पाचव्या प्रकरणात. तोवर दीडशे पानं झालेली असतात आणि त्यातलं बहुतेक सगळं इतरांनी आधी लिहिलेलं असतं. माझ्या स्वतःच्या प्रबंधात असंच झालं होतं. नऊ प्रकरणं होती. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रत मधोमध उघडली आणि विचारलं, “तुम्ही इथून बोलायला लागलात. मग इथपर्यंत कोण बोलत होतं?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून नावं बाजूला ठेवा आणि एक मोठा प्रश्न लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला. उदाहरणार्थ : या तालुक्यातल्या बायका रोहयोच्या कामावर कशा आल्या, किती टिकल्या, आणि त्या मजुरीने त्यांच्या हाती काय लागलं? मग पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच उपप्रश्न. तीस-चाळीस होतील. जमिनीवर पसरा. ज्यांची उत्तरं एकाच प्रकारच्या साधनातून येणार आहेत त्या एकत्र येतात का बघा. आमच्या उदाहरणात त्यांचे असे गठ्ठे पडतात :

एका गठ्ठ्यात सगळे सरकारी प्रश्न. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते, मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडी (वाटला जाणारा पूरक आहार) खात होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. त्या मदतीच्या कामाचं रूपांतर मागता येईल अशा हक्कात कसं झालं? इथे या योजनेचे जनक मानले जाणाऱ्या वि. स. पाग्यांचा साठच्या दशकातला तासगाव भागातला प्रयोग येतो, १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम येतो, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला हे येतं. पैसा कुठून आला हेही इथेच : १९७५ चा व्यवसाय कर. आजही पगाराच्या पावतीवर जी छोटी कपात दिसते तिचं मूळ खडीच्या ढिगापाशी आहे, हे कित्येक पगारदारांना ठाऊक नसतं. साधनं : विधिमंडळातल्या चर्चा, शासन निर्णय, वर्तमानपत्रं.

दुसऱ्या गठ्ठ्याचं साधन हजेरीपट. कोण आलं, कोणत्या महिन्यात आलं, किती दिवस टिकलं.

तिसरा गठ्ठा मुलाखतींचा. कामाचं मोजमाप टोळीचं, खोदणारा पुरुष, मातीची पाटी टाकणारी बाई. मग पगाराच्या दिवशी पैसे कुणी मोजून घेतले? लहान मूल कामाच्या जागी कुठे ठेवलं? मुकादम कसा होता?

चौथा गठ्ठा काम संपल्यानंतरचा. पाझर तलाव झाला, नालाबांध झाला, त्याखालच्या विहिरींना पाणी आलं. ज्या बाईने पाट्या उचलल्या तिच्याकडे जमीन नसेल तर तिला काय मिळालं? राबणारे भूमिहीन आणि पाणी जमीनवाल्याला, हा या योजनेवरचा जुना आक्षेप आहे. तो तुमच्या तालुक्यात खरा ठरतो की नाही ते तुम्ही दाखवायचं.

या चार गठ्ठ्यांची चार प्रकरणं झाली. पुढे प्रश्न, क्षेत्र आणि साधनं सांगणारं एक, मागे निष्कर्षाचं एक. एकूण सहाच, पण आता दुसऱ्याच प्रकरणापासून तुमचं काम सुरू होतं. ‘पार्श्वभूमी’ कुठे गेली? जिथे लागते तिथे दोन-चार पानांनी वाटली गेली.

शेवटची पायरी : प्रत्येक प्रकरणाचं म्हणणं एका पूर्ण वाक्यात लिहा, आणि वाक्याला क्रियापद असू द्या. ‘हजेरीपटावरील स्त्रिया’ हे नाव झालं. ‘पेरणी आणि सुगी सोडून उरलेल्या महिन्यांतच बायका कामावर येत, म्हणजे रोहयोने शेतमजुरीची जागा घेतली नाही, तिच्यातल्या फटी भरल्या’ हे म्हणणं झालं. उद्या हजेरीपटांनी ते खोटं ठरवलं तरी हरकत नाही. खोटं ठरेल असं काहीतरी तुम्ही बोललात.

५. ‘स्वरूप आणि संकल्पना’ हे प्रकरण घालावंच लागतं का?

विभागाने लेखी सांगितलं असेल तर घाला. नुसतंच ‘सगळे घालतात’ असेल तर गाइडशी बोला. या प्रकरणात सहसा शब्दकोशातल्या व्युत्पत्ती, मग पाच-सहा विचारवंतांच्या व्याख्या, मग ‘वरील व्याख्यांवरून असे दिसून येते की’ असा मजकूर येतो आणि पुढच्या प्रकरणांत त्यातली एकही व्याख्या वापरलेली नसते.

साधी कसोटी : इथली कोणती संकल्पना चौथ्या प्रकरणातला पुरावा वाचायला उपयोगी पडते? जी पडते ती ठेवा. बाकीच्या तळटिपेत गेल्या तरी चालतं. प्रकरण ठेवायचंच असेल तर निदान नाव तुमच्या विषयाचं द्या. ‘हक्क, मदत आणि मजुरी : तीन शब्दांचा गोंधळ’ हे ‘रोजगार हमी : संकल्पना व स्वरूप’पेक्षा काहीतरी सांगतं.

६. पूर्वसंशोधनाचा आढावा वेगळं प्रकरण करू की पहिल्याच प्रकरणात घेऊ?

शिक्षणशास्त्र, वाणिज्य, मानसशास्त्रात वेगळं प्रकरण अपेक्षित असतं. साहित्य आणि इतिहासात पहिल्या प्रकरणाचा भाग म्हणून पुरतो. कुठेही घ्या, पण ‘अमुक यांनी (साल) तमुक विषयावर संशोधन केले’ अशी पंचवीस परिच्छेदांची ओळ लावू नका. आढाव्याचे गट पाडा : ज्यांनी योजनेचा कारभार तपासला, ज्यांनी गरिबीवरचा परिणाम मोजला, ज्यांनी बायकांशी बोलून लिहिलं. तिसरा गट तुमच्या तालुक्यापुरता रिकामा असेल तर तुमचं काम का हवं हे तिथेच सिद्ध होतं.

आधीचे प्रबंध शोधायला यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं शोधगंगा हे ऑनलाइन भांडार आहे. मंजूर सिनॉप्सिससाठी शोधगंगोत्री. तिथे मराठी शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत चढवलेली असतात, म्हणून दोन्ही लिपींत, शुद्धलेखन बदलून बदलून शोधा.

७. चार उद्दिष्टं आहेत. म्हणजे चार प्रकरणं, एकास एक?

तसं जमलं तर परीक्षकाचं काम सोपं होतं, पण हट्ट नको. काही उद्दिष्टं दोन प्रकरणांत विभागून पूर्ण होतात. आराखड्याच्या शेवटी एक छोटा तक्ता करा : डावीकडे उद्दिष्टं, वर प्रकरणं, जिथे संबंध तिथे खूण. एखाद्या उद्दिष्टासमोर एकही खूण नसेल तर ते उद्दिष्ट सिनॉप्सिसची शोभा म्हणून आलं होतं. एखाद्या प्रकरणाखाली खूण नसेल तर ते प्रकरण कशासाठी आहे, हे स्वतःला विचारा. ‘शिफारशी सुचविणे’ हे उद्दिष्ट नेहमी शेवटच्या प्रकरणात जातं, त्यावर डोकं शिणवू नका.

८. कालक्रमाने लावू की विषयवार?

काळ बदलला म्हणून तुमचं उत्तर बदलतं का? बदलत असेल तर कालक्रम. आमच्या उदाहरणात १९७९ पूर्वी काम मागता येतं असा कायदा लागूच नव्हता, म्हणून दुसरं प्रकरण काळाने बांधलंय. पुढची तीन मुद्द्यांनी बांधली आहेत, आणि प्रत्येकाच्या आत छोटा कालक्रम आहे. अशी मिसळ चालते. फक्त पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तसं सांगून टाका.

दशकांनी कापणं मात्र टाळा. ‘१९७०–८०’, ‘१९८०–९०’ ही कॅलेंडरची पानं आहेत. तुमच्या विषयातल्या घटना १ जानेवारीची वाट बघत नाहीत.

९. एकच मुद्दा दोन प्रकरणांत घुसतोय. कुठे ठेवू?

जिथे त्याचा पुरावा आहे तिथे पूर्ण, दुसरीकडे एका वाक्यात उल्लेख आणि ‘पाहा, प्रकरण ५’. उदाहरण घ्या : १९९० पासून फळबाग लागवड रोहयोशी जोडली गेली. हा धोरणातला बदल म्हणून दुसऱ्या प्रकरणात बसतो आणि फायदा जमीनवाल्याला की मजुराला या वादात पाचव्यात. खड्डे खणायला कोण होतं आणि डाळिंब कुणाच्या नावावरच्या शेतात लागलं, हे सांगणारी तुमची सगळी सामग्री पाचव्यात आहे. तेव्हा मुद्दा पाचव्यात. दुसऱ्यात शासनाचा निर्णय आणि साल, बस.

दोन प्रकरणांत मिळून असे पाचाहून जास्त मुद्दे वर-खाली होत असतील तर ती दोन प्रकरणं बहुधा एकच आहेत.

१०. प्रत्येक प्रकरणाला किती पानं?

समसमान करण्याचा प्रयत्न कृपया करू नका. साधनं जिथे दाट, तिथे प्रकरण लांब. पहिलं आणि शेवटचं प्रकरण लहानच बरं. एखादं प्रकरण बाकीच्यांच्या दुपटीहून मोठं होऊ लागलं तर त्यात दोन प्रश्न लपलेत का बघा. असतील तर फोडा, नसतील तर असू द्या.

११. उपमुद्द्यांना ३.२.४.१ असे क्रमांक देत किती खोल जायचं?

तीन पातळ्या पुष्कळ. चौथा आकडा आला की वाचक विषय सोडून आकडे वाचतो. मुख्य म्हणजे एका परिच्छेदाला एक उपशीर्षक देऊ नका, मार्गदर्शिकेसारखं दिसतं.

१२. माझा विषय एका लेखकाच्या कादंबऱ्यांवर आहे. पहिलं प्रकरण ‘जीवन आणि व्यक्तिमत्त्व’ असंच ना?

मराठी विभागांत ही रूढी फार जुनी आहे : लेखकाचं चरित्र, मग ‘कादंबरी : संकल्पना व स्वरूप’, मग आशयसूत्रे, मग व्यक्तिचित्रण, मग भाषाशैली, मग समारोप. अडचण अशी की या साच्यात कोणताही लेखक बसतो. नाव बदललं की दुसरा प्रबंध तयार. शिवाय एकच कादंबरी तीन प्रकरणांत तीनदा सांगावी लागते, तिचं कथानक प्रत्येक वेळी नव्याने.

जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार यांना परिशिष्टात दोन पानांचा जीवनपट पुरतो. चरित्रातली जी गोष्ट कादंबरी वाचायला लागते (लेखक गिरणगावात वाढला, किंवा धरणात गाव गेलं) ती त्या कादंबरीच्या चर्चेत आणा. प्रकरणं प्रश्नांवर पाडा : निवेदक कोण आहे आणि तो कुणाची बोली बोलतो? गाव सोडणाऱ्याला कादंबरी कुठे सोडून देते? भाषाशैलीचं वेगळं प्रकरण केलंच तर ‘म्हणी व वाक्प्रचार’ची यादी तरी परिशिष्टात ढकला. गाइड चरित्राच्या प्रकरणावर अडून बसले तर भांडू नका, ते लहान करा.

१३. एका प्रकरणाचं साधनच मिळालं नाही. आता?

हे होतंच. सरकारी दप्तराचं अ-ब-क-ड वर्गीकरण असतं आणि खालच्या वर्गातले कागद मुदत संपली की नष्ट केले जातात. उरलेल्यांना वाळवी आहेच. समजा तीस वर्षांचे हजेरीपट अपेक्षित होते आणि चारच वर्षांचे गठ्ठे हाती आले. तीन वाटा आहेत.

प्रकरणाचा काळ कमी करा आणि तसं स्पष्ट लिहा. चार वर्षांचं बारकाईने केलेलं काम तीस वर्षांच्या अंदाजापेक्षा जास्त टिकतं. किंवा साधन बदला : त्या काळातल्या हजेरी सहाय्यकांच्या मुलाखती, ग्रामपंचायतीचे ठराव, तालुक्याची वर्तमानपत्रं. किंवा प्रकरण काढून टाका आणि त्यातलं जे मिळालं ते शेजारच्या प्रकरणात घाला. रिकाम्या प्रकरणाला ‘पार्श्वभूमी’ने फुगवणं ही चौथी वाट लोक निवडतात, आणि परीक्षकाला ती पहिल्या पाच मिनिटांत दिसते.

१४. लिहायला सुरुवात पहिल्याच प्रकरणापासून करायची का? नोकरी करतो, वेळ रविवारीच मिळतो.

नाही. ज्याचं साधन पूर्ण हाती आहे त्या प्रकरणापासून करा. बहुधा ते तिसरं किंवा चौथं असतं. पहिलं प्रकरण सर्वांत शेवटी लिहा. प्रबंधाने काय केलं हे तेव्हाच कळलेलं असतं. निष्कर्षाचा एक पानाचा कच्चा मसुदा मात्र आधीच करून ठेवा, आराखड्यासोबत.

रविवारचं काम असेल तर आराखड्यात प्रत्येक उपमुद्द्यापुढे ‘पुढची कृती’ एका ओळीत लिहा : ‘गठ्ठा ३ मधल्या एप्रिलच्या नोंदी मोजणे’. आठ दिवसांनी फाइल उघडल्यावर पहिला तास ‘आपण कुठे होतो’ यात जातो, तो वाचतो. मुदतीचा हिशेबही इथेच करा : २०२२ च्या नियमांत कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रिया आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे.

१५. मंजूर सिनॉप्सिसपेक्षा प्रकरणं बदलली तर परत समितीकडे जावं लागतं का?

प्रबंधाचं शीर्षक आणि प्रकरणांची रचना यांत फरक करा. शीर्षक समितीने मंजूर केलेलं असतं. त्यातला एक शब्द बदलायचा तरी रीतसर अर्ज करावा लागतो. प्रकरणं फोडणं, जोडणं, नावं बदलणं हे साधारणपणे गाइडच्या संमतीने आणि सहामाही सादरीकरणात दाखवून होतं. तरी विद्यापीठाची रीत विचारून घ्या आणि संमती मेलवर घ्या, तोंडी नको. प्रबंध सादर करण्याआधीच्या सादरीकरणात कुणी जुनी यादी काढून विचारलं तर तारखा घातलेल्या प्रती (प्रश्न २) उपयोगी पडतात.

तालुक्याचं नाव किंवा कालखंड शीर्षकात असेल आणि तोच बदलत असेल (प्रश्न १३ मधली पहिली वाट), तर मात्र समितीची पायरी चढावीच लागेल. म्हणून ते लवकर ठरवा.

१६. गाइडनी आधीच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध दिला आणि ‘असाच कर’ म्हणाले. प्रकरणांची नावं तीच ठेवली तर चोरी होते का?

‘प्रस्तावना’, ‘संशोधनाची कार्यपद्धती’ ही नावं कुणाच्या मालकीची नाहीत. पण आतले उपमुद्दे, त्यांचा क्रम आणि युक्तिवाद उचलला तर शब्द वेगळे असूनही ती उचलेगिरीच.

यूजीसीच्या उचलेगिरीविषयीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांत ठरावीक मुदतीत सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. त्यापुढे शिक्षा वाढत जाते. सॉफ्टवेअर शब्द पकडतं, सांगाडा पकडत नाही. परीक्षक पकडतात, कारण पुष्कळदा तो जुना प्रबंधही त्यांनीच तपासलेला असतो. ‘असाच कर’ याचा अर्थ ‘इतक्या नेटकेपणाने कर’ असा घ्या.

१७. दोन शोधनिबंध छापून आले आहेत. तेच प्रकरण म्हणून लावू का?

मजकूर वापरता येतो, जसाच्या तसा लावता येत नाही. लेखाला स्वतःची प्रस्तावना आणि निष्कर्ष असतो. दोन लेख शेजारी ठेवले की योजनेची ओळख दोनदा येते. ती काढा, वरच्या प्रकरणाशी दुवा जोडा, आणि ‘या प्रकरणाचा काही भाग पूर्वी प्रसिद्ध’ अशी स्पष्ट नोंद द्या, म्हणजे साम्य तपासणीत खुलासा राहतो. सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती २०१६ च्या नियमांत होती, २०२२ च्या नियमांत ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःहून ठेवली आहे का ते पाहा.

उलट एक गोष्ट लक्षात घ्या : शोधगंगावर प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत असतो. कुणीतरी थेट चौथंच प्रकरण उघडणार. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात त्याला दोन वाक्यांत वाट दाखवा.

१८. आराखडा इंग्रजीत केला, प्रबंध मराठीत आहे. काही बिघडतं का?

बिघडतं, कारण प्रकरणाचं नाव भाषांतरातून येतं आणि मग आतलं वाक्यही तसंच येतं. शिवाय परिभाषा विभागागणिक बदलते. शिक्षणशास्त्रात ‘परिकल्पना’ तपासायची असते आणि ‘गृहीतके’ न तपासता मानायची असतात. साहित्याच्या प्रबंधांत तपासायच्या गोष्टीलाच ‘गृहीतक’ म्हणतात. आंतरविद्याशाखीय विषय असेल आणि दोन परीक्षक दोन विभागांतले आले तर इथेच वाद होतो. आराखड्याच्या मागच्या पानावर वीस शब्दांची यादी करा, कोणता शब्द कोणत्या अर्थाने, आणि ती शेवटपर्यंत मोडू नका. लोक जो शब्द बोलतात तोही जपा. बाई ‘मस्टर’ म्हणाली असेल तर मुलाखतीत ‘उपस्थितीपत्रक’ करू नका.

१९. एआयकडून आराखडा करून घेतला तर?

करून बघा, आणि मग त्याच्या उलट करा. जे मिळतं ते प्रश्न ४ मधल्या पहिल्या यादीची चुलत बहीण असते, वर ‘आव्हाने व संधी’ आणि ‘भविष्यातील दिशा’ जोडलेली. तुमच्या ट्रंकेत कोणते गठ्ठे आहेत ते त्याला माहीत नाही. तुमचा आराखडा देऊन ‘यात कुठे पुनरुक्ती दिसते’ एवढं विचारलं तर थोडं कामाला येतं. वापर केल्यास तो जाहीर करावा लागतो का, हे विभागात विचारा.

२०. गाइड निवृत्त झाले. नव्या मॅडमना प्रकरणांची रचना पटत नाही. चार प्रकरणं लिहून झालीत.

अवघड प्रसंग, आणि वाटतो त्याहून नेहमीचा. आधी नियम : आधीपासून नोंदणी असलेल्या विद्यार्थ्यांना मूळ गाइड निवृत्तीनंतर सह-मार्गदर्शक म्हणून राहू शकतात, वयाची सत्तर वर्षं पूर्ण होईपर्यंत. तेव्हा सरांना पूर्ण सोडून देण्याची गरज नाही. रीतसर पत्र करून घ्या.

मग मॅडमकडे जाताना लिहिलेली चार प्रकरणं नेऊ नका. तीनशे पानं टेबलावर ठेवली की समोरच्याला चुकाच दिसतात. प्रत्येक प्रकरणाचं एका वाक्यातलं म्हणणं आणि प्रश्न ७ मधला तक्ता, असं दोन पानांचं घेऊन जा. विचारा : यातलं कोणतं वाक्य पटत नाही? बरेचदा आक्षेप क्रमाला असतो, म्हणण्याला नसतो, आणि प्रकरण तीन-चारची अदलाबदल करून, जोडणारे परिच्छेद नव्याने लिहून भागतं. म्हणण्यालाच आक्षेप असेल तर तो लेखी मागा आणि सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत दोघांच्या उपस्थितीत चर्चेला ठेवा. तोवर लिहिलेलं काहीही पुसू नका. जुनी फाइल वेगळ्या नावाने ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाने घाईने दोन प्रकरणं एकत्र करून मूळ फाइल उडवली होती, आणि तीन महिन्यांनी मॅडमनीच म्हटलं, “आधीचंच बरं होतं हो.”